लिव्हरचा इलाज आणि दारूचा इलाज एकत्रच हवा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते नि खोडव्याबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा, पण आपल्या शिवारातलाच आहे. दारूने ज्याचे लिव्हर खराब झाले, त्याच्या लिव्हरचा इलाज आणि दारू सोडवण्याचा इलाज एकाच वेळी, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना विचारून केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हुमणी लागली की ऊस पिवळा पडतो. काहीजण वरून युरिया टाकतात. खाली अळी मुळ्या खातच असते. इथेही तसेच होते. कावीळ झाली, पोटात पाणी झाले की माणसाला दवाखान्यात नेतात. पाणी काढतात, सलाईन लावतात, कागदावर 'दारू बंद' लिहितात आणि घरी पाठवतात. बंद करायची कशी, हे कुणी सांगत नाही. उसाचे बिल जमा झाले की गडी पुन्हा गुत्त्यावर. मग लोक म्हणतात, याला मनच नाही. आम्हाला हे पटत नाही. व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तो आजारच मानते.

याच्या उलटही घडते. घरची माणसे दारू सोडवायची गोळी आणून गुपचूप भाजीत मिसळतात. डायसल्फिराम हे त्यातले जुने औषध. त्यावर दारू पडली तर जिवावर बेतू शकते, आणि आधीच खराब असलेले लिव्हर त्या औषधानेच आणखी बिघडू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून माणसाला खोलीत कोंडू नका, डॉक्टरकडे न्या. लिव्हर बघून औषध निवडता येते. इटलीत लिव्हर सिऱ्हॉसिस झालेल्या ८४ रुग्णांवर बॅक्लोफेनची चाचणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या ४२ पैकी ३० जणांची दारू सुटली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ४२ पैकी १२ जणांची. मात्र हेही औषध स्वतःच्या मनाने घ्यायचे नव्हे.

दारू सोडवण्याची बाजू कशी सांभाळावी, हे पालघर जिल्ह्यातल्या वसईत पाहावे. तिथल्या बागायतीत पूर्वी केळीबरोबर ऊसही होई. फादर जो परेरा स्वतः व्यसनातून बाहेर आले आणि १९८१ साली मुंबईत त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. तिचे केंद्र वसईत आहे. तिथे माणसाला ठेवून घेतात, गटात बोलते करतात, योगासने शिकवतात. मोठी रुग्णालये तिथून लोकलच्या अंतरावर आहेत. अशा केंद्राने आलेल्याचे लिव्हर तपासून घ्यावे आणि रुग्णालयाने लिव्हरच्या रुग्णाला अशा केंद्राची वाट दाखवावी. जोडणी एवढीच हवी.

वेळ महत्त्वाची आहे. लिव्हरवर नुसती चरबी चढली असेल तर दारू सोडल्यावर ते बहुधा पूर्ववत होते. सिऱ्हॉसिस झाला तर ते पूर्वीसारखे होत नाही, पण दारू सुटली तर आयुष्य वाढते. म्हणजे 'आता काय उपयोग' असे कधीच म्हणू नये.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आज बरीच मळी पेट्रोलात मिसळायच्या इथेनॉलसाठी जाते. पण देशी दारूचे स्पिरीटही मळीचेच. आपण पिकवतो त्या उसाचा दारूशी असा संबंध आहे, तेव्हा तिच्या रुग्णाकडे आपल्याला पाठ फिरवता येणार नाही. कारखान्याच्या आरोग्य शिबिरात लिव्हरची तपासणी आणि व्यसनमुक्तीचा सल्ला एकाच मांडवात द्यावा, अशी मागणी सभासदांनी येत्या वार्षिक सभेत करावी. तोवर ज्यांच्या घरी ही अडचण आहे त्यांनी १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करावा आणि डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगाव्यात: लिव्हरचे दुखणे आणि रोजची दारू. यातली एक लपवली तर दुसरीचा इलाज फुकट जातो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग