अर्जासोबतची वीस पानं

दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेतल्या कथालेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, म्हणजे एमएफएचा, अर्ज भरायला घेतला. गाव रोहा, राहायला पेण, नोकरी सॉफ्टवेअरची. अम्मी म्हणाली, "इंजिनीअर झालास ना? आता लिहायला शिकायची वेगळी फी?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

या अभ्यासक्रमांत सर्वांत नावाजलेला आयोवा विद्यापीठाचा, १९३६ पासूनचा. आपण कथा लिहायची, वर्गातल्यांनी ती वाचून कुठे अडलं ते तोंडावर सांगायचं. आमच्या कोड रिव्ह्यूसारखंच. इंजिनीअरिंगची पदवी आड येत नाही. तीन शिफारसपत्रं, एक निवेदन आणि साधारण वीस-तीस पानांचं स्वतःचं लेखन मागतात. निवड मुख्यतः त्या पानांवर होते.

माझी कथा नानीची होती. मामू कुवेतला, घरात सगळ्या बायकाच, कुंडलिका चढली की तांदूळ माळ्यावर. बोलणं सगळं कोकणीत. इंग्रजीत नेताना मी शब्दाशब्दाला खुलासे जोडत गेलो. तिसऱ्या खर्ड्यात तर कथेत दंगल शिरली! नानीच्या आयुष्यात दंगल कधी आलीच नव्हती. मुसलमान लेखकाकडून परदेशी वाचक हेच मागणार, असं मीच ठरवून टाकलं होतं. निवेदनात त्याहून वाईट केलं. घरात पुस्तकांना विरोध होता, असं लिहिलं. प्रत्यक्षात अब्बा दर शनिवारी माझ्यासाठी वाचनालयातून पुस्तक आणायचे.

अन्याय झाला असेल तर तो जरूर लिहा. पण प्रवेशासाठी आपल्याच माणसांवर खोटा आळ घ्यायचा, याची मला आजही लाज वाटते.

हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. कोकणातल्या गावातला हिंदू-मुसलमान तणाव त्यांनी मराठीतच लिहिला, आपल्या समाजाला झोंबेल असं लिहिलं, आणि त्याची किंमतही मोजली. त्यांची टीका आतली होती, बाहेरच्या परीक्षकाला खूश करायला केलेली नव्हती. पुढे दिलीप चित्र्यांनी ती कादंबरी इंग्रजीत नेली. हेच चित्रे १९७५ साली आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात गेले होते. म्हणजे मराठीतून तिथवर वाट आहे. आधी मराठीत पुरं लिहावं, मग भाषांतर करावं, असं माझं मत झालंय.

दंगल काढली, निवेदन नव्याने लिहिलं आणि तीन ठिकाणी अर्ज पाठवले. तिन्हीकडून नकार आला. वाईट वाटलं, पण खोट्या निवेदनावर प्रवेश मिळाला असता तर अब्बांना काय तोंड दाखवलं असतं?

तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असेल तर जरूर करा. मुलींनी तर नक्कीच. फक्त कर्ज काढू नका. काही विद्यापीठं शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ करून वर विद्यावेतन देतात, तिथेच पाठवा. घर सोडणं शक्य नसेल तर इग्नूचा सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा घरबसल्या होतो.

मराठी खर्डा अम्मीला वाचून दाखवला. तिने एकच चूक काढली: नानी तांदूळ किलोत नाही, अधोलीने मोजायची. ते दुरुस्त केलंय. बऱ्याच ठिकाणची मुदत डिसेंबरात संपते, आणि तिसऱ्या शिफारसपत्रासाठी कॉलेजातल्या सरांना फोन करायचा अजून राहिलाय.