गहाण पदक आणि आपला विसर

पडेगावाला छावणीचा शेजार. फौजेतून परतलेला माणूस आम्हांस पुस्तकातून शोधावा लागत नाही. म्हणूनच ‘आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (१९३२) हा केवळ तुरुंगसुधारणेचा चित्रपट, हे सरधोपट मत आम्हांस अमान्य आहे. मर्विन लरॉय यांनी खरा गुन्हा बेड्यांच्या आधीच दाखवला आहे. महायुद्धातून आलेला बेकार नायक पदक गहाण टाकायला जातो; दुकानदार त्याला तसल्याच पदकांचा ढीग दाखवतो. त्याच वर्षी जुलैत वॉशिंग्टनमध्ये भत्ता मागणाऱ्या माजी सैनिकांवर सैन्य घालण्यात आले होते.

आणि आपण? ‘सावकारी पाश’ने (१९२५, बोलपट १९३६) नाडलेला शेतकरी दाखवला. ‘माणूस’ने (१९३९) पोलीस शिपायाला नायक केले. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे (जि. सातारा) ४६ जवान पडले; मराठी मुलखात जे जिवंत परतले, त्यांच्यासाठी मात्र त्या दशकातील नामवंत बोलपटांत जागा निघाली नाही. साहेबाची चाकरी केलेला हा शिपाई राष्ट्रवादी लेखणीलाही अडचणीचाच होता. सेन्सॉरची सबब पुढे केली जाईल. पण कादंबरीकारांना कोणी अडवले होते?