१ युरोचं घर : इटलीतल्या गावाला जमलं, ते देहूला का जमत नाही?

‘फक्त एका युरोत इटलीत घर!’ असं रील तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेलं असेल. दगडी भिंती, लाकडी खिडकी, खिडकीतून दिसणारी टेकडी आणि शेवटी ‘आत्ताच अर्ज करा’. मग कुणीतरी ते फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि दोन दिवस त्याच गप्पा चालतात.

चाकण, तळवडे, भोसरी पट्ट्यात या गप्पा निव्वळ गंमत म्हणून होत नाहीत. इथल्या कंपन्या जर्मन, जपानी, कोरियन. कामासाठी तिकडं जाऊन आलेले आणि काही तिकडंच राहिलेले इंजिनिअर इथल्या प्रत्येक सोसायटीत सापडतात. परदेशात गावाकडचं जुनं घर घ्यायचं, ते नीट करायचं आणि तिथं राहायचं, हे स्वप्न त्यांच्या आवाक्याबाहेरचं वाटत नाही.

त्यांच्यातल्याच काहींचं देहूच्या किंवा आसपासच्या एखाद्या गावठाणात वडिलोपार्जित घरही असतं. दाराला कुलूप, कौलांवर पत्रा, एक भिंत फुगलेली. ते नीट करायचं म्हटलं की विषय बदलतो.

माझ्या मते इटलीच्या योजनेत एक युरो ही जाहिरात आहे. घराचा कागद आधी मोकळा होता, खरी गोष्ट ती आहे. आपलं घर तिथंच अडकतं.

एक युरोत खरंच घर मिळतं का?

सर्वात गाजलेलं उदाहरण सिसिली बेटावरच्या साम्बुका गावाचं. २०१९ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं १६ घरं विक्रीला काढली. एक युरो ही किंमत नव्हती, लिलावातली पहिली बोली होती. प्रत्यक्षात काही घरं हजार युरोला गेली आणि सर्वात महाग घर २५ हजारांना. घेणाऱ्यानं तीन वर्षांत दुरुस्ती पूर्ण करायची अट होती. त्यासाठी पाच हजार युरो अनामत ठेवायचे आणि काम झालं नाही तर ते गमवायचे. पुढं २०२१ मध्ये याच गावानं दोन युरोपासून आणि २०२४ मध्ये तीन युरोपासून बोली लावली.

रीलमध्ये एक गोष्ट सांगत नाहीत. १९६८ च्या जानेवारीत बेलिचे खोऱ्यात मोठा भूकंप झाला, लोक घरं सोडून गेले आणि ही घरं पुढं नगरपालिकेच्या मालकीची झाली. म्हणजे विकणारा एकच होता आणि कागद स्वच्छ होता. जिथं घरं अजून खासगी मालकीची आहेत, तिथं नगरपालिका मध्यस्थाचं काम करते. तिथं अडचणी आपल्यासारख्याच आहेत : आजोबा वारले, मुलं अमेरिकेत, नातवंडं अर्जेंटिनात, आणि सह्या सगळ्यांच्या हव्यात.

देहूत बसून असं घर घेता येईल का?

भारताच्या बाजूनं परवानगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘एलआरएस’ योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून परदेशात घरही घेता येतं. त्यासाठी इथल्या बँकेचं कर्ज मात्र मिळत नाही. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर रक्कम गेली, की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. घर घेतल्यावर दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दाखवायचं. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी खात्यांना २०२४ मध्ये जी सूट मिळाली, तिच्यात घर-जमीन येत नाही.

इटलीच्या बाजूनं पेच वेगळा आहे. युरोपीय संघाबाहेरचा आणि इटलीत न राहणारा माणूस घर घ्यायला आला, की ‘तुमच्या देशात इटालियन माणसाला घर घेता येतं का?’ हा प्रश्न तपासला जातो. आपल्याकडं भारतीय वंशाच्या नसलेल्या आणि भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला सहसा घर घेता येत नाही. त्यामुळं देहूत बसून अर्ज करणाऱ्यानं अनामत भरण्याआधी तिथल्या नोटरीला हे विचारावं. कामासाठी तिथला रहिवासी परवाना असलेल्याला ही आडकाठी येत नाही.

आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. १८० दिवसांत ९० दिवस हा शेंगेनचा नियम घरमालकालाही लागू असतो.

जपानमध्ये मालकीवर असं बंधन नाही. तिथं रिकाम्या घरांना ‘अकिया’ म्हणतात आणि २०२३ च्या सरकारी पाहणीत अशी सुमारे ९० लाख घरं निघाली, म्हणजे देशातल्या एकूण घरांच्या १३.८ टक्के. बघताना घर १९८१ च्या आधीचं आहे का ते आधी विचारा, कारण भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम त्या वर्षी आले.

पण जपानचं मला जास्त पटलेलं पाऊल वेगळं आहे. वारसांनी नोंदच न केल्यामुळं मालक कोण हेच कळत नाही, अशी जमीन तिथं क्युशू बेटाच्या क्षेत्रफळाहून जास्त झाली होती. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून वारसाहक्काची नोंद सक्तीची झाली. वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड.

देहूतलं घर का अडतं?

तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात असतो. दरवर्षी जिथं माणसं उतरतात, त्या वास्तूकडं लक्ष द्यावंच लागतं. गावठाणातल्या बंद घरांना असा मुक्काम नसतो.

समजा, घर पणजोबांच्या नावावर आहे. त्यांची तीन मुलं, त्यांची मुलं-मुली, असे आज चौदा हिस्सेदार. दोघे पुण्यात, एक नाशिकला, एक म्युनिकमध्ये. राहतं कुणीच नाही, पण ‘माझा हिस्सा’ प्रत्येकाला ठाऊक असतो. कौलं बदलायला वर्गणी मागितली की म्युनिकवाला म्हणतो, पाठवतो. बाकीचे म्हणतात, त्यानं पैसे घातले म्हणजे उद्या घर त्याचंच. ही भीती खोटी नाही आणि म्युनिकवाल्याचा राग पण खोटा नाही.

यात मुलींचा हिस्सा बरेच जण अजून मोजतच नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि तो जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडं हक्कसोडपत्रावर बहिणीची सही अनेकदा भाऊबीजेच्या ताटासोबत मागितली जाते. रक्ताच्या नात्यात विनामोबदला हक्क सोडायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळं काम स्वस्तात होतं. मला ही पद्धत पटत नाही. बहिणीला तिचा हिस्सा काय आहे ते आकड्यात सांगावं, मग ती सोडेल किंवा मागेल.

बाहेर देशी असलेल्याला सहीसाठी विमानानं यायची गरज नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येतं. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा, ही तारीख लोक चुकवतात. नागरिकत्व बदललेल्या ओसीआय कार्डधारकालाही गावठाणातलं घर वारसानं मिळतं आणि विकतही घेता येतं. बंदी आहे ती शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेण्यावर.

सगळं करूनही जमलं नाही तर १८९३ चा वाटणीचा कायदा आहे. घराचे तुकडे करणं शक्य नसेल आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांनी मागणी केली, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. पण निकालाआधी चार पावसाळे जातात, आणि फुगलेली भिंत तेवढी थांबत नाही.

दुरुस्ती म्हणजे सिमेंट मारणं नव्हे

आता माझ्या शिक्षणाचा थोडा उपयोग. कागद सुटला तरी अशी घरं दुरुस्तीत मरतात.

जुन्या घराचं जोतं दगडी, वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या, सांधे मातीचे किंवा चुन्याचे. जमिनीतली ओल केशाकर्षणानं भिंतीत वर चढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर उडून जाते. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं की ती वाट बंद होते. ओल आतच साठते, क्षार फुलतात, प्लास्टर फुगतं. भिंतीत बसवलेलं तुळईचं टोक बाहेरून दिसत नाही आणि ते आधी कुजतं. वाळवीला आमंत्रणच.

दुसरी चूक स्लॅबची. पाच इंची काँक्रीट स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मंगलोरी कौलं, खालच्या पट्ट्यांसह, ६५ किलोच्या आसपास. मातीच्या सांध्याच्या भिंतीवर हा पाचपट भार टाकायचा आणि वर पाण्याची टाकी ठेवायची, म्हणजे घर वाचवतोय असं म्हणण्यात अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जड मातीची छतं आणि दगड-मातीच्या भिंती मिळून काय झालं, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. म्हणूनच जुनं ते सगळं चांगलं, असंही माझं म्हणणं नाही. छत हलकं ठेवा, भिंतीच्या माथ्यावर सलग बांधपट्टी घाला, कोपरे एकमेकांना बांधा, गिलावा चुन्याचा करा, पागोळीचं पाणी भिंतीपासून लांब न्या. शेवटचं काम सर्वात स्वस्त आणि बहुतेक घरांत तेच राहिलेलं असतं.

चुन्याचं काम येणारे गवंडी कमी आहेत आणि त्यांची मजुरीही जास्त. सिसिलीतल्या दगडी घरांचा मोठा खर्चही विकत घेण्यात नसतो, दुरुस्तीत असतो.

मग देहूनं काय करावं?

देहू आता नगरपंचायत आहे. पावसाळ्याआधी धोकादायक घरांना नोटीस लावणं ही तिची जबाबदारी, पण परदेशात असलेल्या मालकाच्या कुलपावर कागद चिकटवून काही होत नाही. आसपासच्या गावांत गावठाणाची ड्रोन मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचं काम ‘स्वामित्व’ योजनेतून झालं. २०२० मध्ये देशभर आलेल्या या योजनेआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तिची चाचणी झाली होती. त्यात घराची हद्द नक्की होते. चौदा हिस्सेदार एका कागदावर येत नाहीत, ते काम माणसांनीच करायचं.

नगरपंचायतीनं बंद घरांची यादी करावी. प्रत्येक घराचे वारस कोण, कुठं, त्यांचे फोन, एवढंच सुरुवातीला. मग तुकाराम बीजेच्या आठवड्यात दुय्यम निबंधक, भूमी अभिलेखचा माणूस आणि एक वकील यांना गावात एकत्र बसवावं. बाहेर गेलेली माणसं त्या दिवसांत देहूत येतातच आणि जी येत नाहीत ती व्हिडिओ कॉलवर सापडतात. वाटणीपत्र होईल, कुणी आपला हिस्सा दुसऱ्याला विकेल, कुणाला विकायचंच नसेल तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा आणि तो हिशेबात कसा धरायचा याचा साधा करार होईल. त्या कराराचा एक पानी मराठी नमुना छापून ठेवला तरी अर्धे वाद कमी होतील, असं मला वाटतं.

पुढच्या बीजेला अजून वेळ आहे. यादी करायला तेवढा पुरतो.