मोरीपाशी कर्दळ, दारात निशिगंध

दारापुढं फुलझाडं असावीत, हे आमचं ठाम मत. पण कुठं काय लावायचं, ते पाहून.

कोऱ्हाळे बुद्रुक असो की दुसरं गाव, ज्या वस्तीत गटार नाही तिथं मोरीचं पाणी दारातच मुरतं. तिथं कर्दळीचे कंद लावा. तिला ओल मानवते आणि एकदा धरली की वर्षानुवर्षं फुटत राहते. पाणी तुंबू मात्र देऊ नका. तुंबलं तर कर्दळ असूनही डास होणारच.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटलीसुद्धा त्याला पुरते. अंड्याचा डास साधारण ८-१० दिवसांत होतो, म्हणून ताटली दर आठवड्याला ओतून घासावी. अंडी कडेला चिकटलेली असतात. आमचं विचाराल तर ताटली नकोच. निशिगंध जमिनीतच लावा, एप्रिल-मेमध्ये, २ इंच खोल. वंदनेला फुलं घरचीच होतील.

कळलावी मात्र कितीही देखणी असली तरी दारात नको. तिचा कंद रताळं समजून खाल्ला तर जीव जातो. कण्हेरही पानापासून बीपर्यंत विषारी. मुलानं तोंडात घातलंच, तर उलटी करवण्यात वेळ घालवू नका. झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.