हाती कथलाचा वाळा

(द्वितीय वर्ष, कला)

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कथील म्हणजे हलके, गरिबाचे, मिरवण्याच्या लायकीचे नसलेले. मला मात्र आज त्या बिचाऱ्या कथलाची बाजू मांडायची आहे. कथील आणि शिसे यांची बारीक तार तापलेल्या टोकाला टेकवली की क्षणभर पाऱ्यासारखी चमकते आणि दोन तारा जन्माच्या जोडून टाकते. याला आम्ही ‘सोल्डर करणे’ म्हणतो, आमची आजी ‘डाख लावणे’ म्हणते. गेले वर्षभर माझा हा छंद आहे. जुने रेडिओ, मोडकी खेळणी, फुटके स्पीकर उघडायचे आणि त्यांतून काही सूर निघतो का ते पाहायचे.

“कला शाखेच्या मुलीला हे उद्योग कशाला?” हा प्रश्न मला घरी, शेजारी आणि वर्गातही विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या मनात दोन कप्पे पक्के असतात. डोक्याचे काम एकीकडे, हाताचे दुसरीकडे. कला एकीकडे, यंत्र दुसरीकडे. घरातली पहिली मुलगी महाविद्यालयात गेली, तर तिने आता हात काळे करू नयेत, अशी आमच्या घरचीही प्रामाणिक इच्छा आहे. माझे म्हणणे असे की हे कप्पेच खोटे आहेत, आणि ते खरे मानल्यामुळे आपण आपल्याच माणसांचे फार मोठे ज्ञान वाया घालवत आहोत. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. एका बेसूर डबीमुळे मला ते कळले.

ती हकिकत अशी. आमच्या आळीतल्या बायकांच्या भजनी मंडळाची पेटी गेल्या वर्षी बिघडली. भाता फाटला होता आणि दुरुस्तीचा खर्च मंडळाला झेपणारा नव्हता. मी मोठ्या ऐटीत म्हटले, “सूर धरायला मी डबी करून देते!” वाशीहून निघून, कुर्ला आणि दादरला गाड्या बदलत ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवरून सामान आणले. त्यात ‘५५५’ नावाची आठ पायांची एक काळी चिप होती. हान्स कामेनझिंड नावाच्या अभियंत्याने ती १९७१ मध्ये रचली आणि पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. आज पन्नास वर्षे उलटून गेली तरी ती जगभर विकली जाते. तिचे काम अगदी साधे. एक कपॅसिटर भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. आपल्या गावच्या रहाटासारखेच, पोहरा वर, पोहरा खाली. हे सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर वेळा झाले की स्पीकरमधून काळी एकचा षड्ज निघतो.

सूर किती उंच लागणार ते कपॅसिटर आणि रोध या दोघांवर ठरते. शून्य दशांश एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर काळी एकसाठी हिशेबात सुमारे बावन्न हजार ओहमचा रोध लागतो. पंचम हवा असेल तर रोध बरोबर दोनतृतीयांश करायचा, म्हणजे सुमारे पस्तीस हजार. मी बटण फिरवून पंचम कानाने लावला आणि मग मीटरने मोजला. आकडा जवळजवळ तोच आला! षड्ज-पंचमाचे नाते दोनास तीन आहे हे वाक्य मी पूर्वी वाचले होते आणि परीक्षेपुरते पाठही केले असते. पण त्या रात्री माझ्याच बोटांखाली ते नाते खरे निघाले, तेव्हा अंगावर काटा आला.

मग एकादशी आली. भर मे महिना, दुपारची वेळ, वर पत्र्याचे छप्पर. डबी ठेवली, टाळ सुरू झाले, पहिला अभंग नीट पार पडला. दुसऱ्या अभंगाला मंडळाच्या म्होरक्या आजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि मला म्हणाल्या, “पोरी, तुझी डबी वर चाललीय गं.” मला तर काहीच कळले नव्हते. मी हट्टाने म्हटले, “आजी, यंत्र आहे ते, ते कसे चुकेल?” बायका हसल्या. घरी जाऊन मोजले तर आजींचेच खरे होते. मी वापरलेला चकतीसारखा स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर उन्हाने तापला की त्याची धारणा कमी होते, आणि धारणा कमी झाली की सूर चढतो. पुढच्या खेपेला पॉलिएस्टरचा कपॅसिटर आणून लावला, तेव्हा डबी ताळ्यावर आली.

सांगायचा मुद्दा कपॅसिटरचा नाही. ज्या आजींनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या कानाने माझ्या यंत्रातला दोष माझ्याआधी पकडला. त्याला आपण काय म्हणणार? ‘सवय’ म्हणून सोडून द्यायचे की ‘ज्ञान’ म्हणायचे? मी तरी त्या दिवसापासून ज्ञान म्हणते.

दुसरे उदाहरण आमच्या मामाचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आधाराने जी छोटी दुकाने उभी राहिली, त्यांतल्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात तो काम करतो. पंखे आणि पाण्याचे पंप पुन्हा गुंडाळून देणे हा त्याचा पोटाचा धंदा. हळदीला आणि गणपतीला बेंजो वाजवणे हा जिवाचा. आगरी-कोळी गावांतल्या हळदीत बेंजो नाही असे सहसा होत नाही. पण हे वाद्य मूळचे कुठले, हे त्याच्या तालावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? जपानमधील नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य काढले. त्यात पोलादी तारा होत्या आणि वरून टाईपरायटरसारख्या कळा. तेच वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाले. आणि मुंबईच्या गल्ल्यांत व आमच्या गावांत त्याच्या तारांखाली विजेचा पिकअप बसला, कर्णे जोडले गेले आणि त्याचा ‘बेंजो’ झाला. म्हणजे आमच्याकडे हळदीच्या मांडवात जे वाजते, ते चक्क इलेक्ट्रिक संगीत आहे!

हा पिकअप मामा स्वतः करतो. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक घ्यायचे आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळायची. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये तसाच थरथरता वीजप्रवाह उमटतो. फॅरडेने १८३१ मध्ये जे दाखवले तेच हे. पंख्याची तार यासाठी जाड पडते, म्हणून मामा जुन्या रिलेमधली केसासारखी तार सोडवून घेतो आणि काउंटर लावलेल्या हातयंत्रावर हजारो टर्न मोजून गुंडाळतो. मी एकदा घाईने गुंडाळून दिले, तर वाजवून पाहून लगेच म्हणाला, “अगो बाय, टर्न कमी पडले, म्हणून आवाज बारीक येतो.” त्याने फॅरडेचे नाव ऐकलेले नाही. माझ्या पाठ्यपुस्तकांत मामाचे नाव नाही. दोन्ही बाजूंचे नुकसानच आहे.

आता जरा लांब, अहमदाबादला जाऊ. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला आणि त्यात त्या काळी दुर्मिळ असलेला मूग सिंथेसायझर आला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा या मंडळींनी १९७२ पर्यंत तेथे प्रयोग केले आणि ते फितींवर उतरवून ठेवले. पुढे त्या फिती संस्थेच्या संग्रहात विस्मृतीत पडून राहिल्या. पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची निवड तबकडीरूपाने प्रसिद्ध झाली. पन्नास वर्षांनी का होईना, जगाने ते ऐकले. कारण फिती होत्या, कपाट होते आणि कपाटाला मालक होता.

मुंबईचे उदाहरण त्याहून बोलके आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे जोडून ललित, तोडी, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी निघाली, पण कोणी फारशी घेतली नाही. त्यांतले एक यंत्र, टीबी-३०३, खरे तर बास गिटारची जागा घेण्यासाठी काढलेले. तेही बाजारात पडले. पुढे शिकागोच्या तरुणांनी ती टाकाऊ यंत्रे स्वस्तात उचलली आणि १९८७ च्या सुमारास त्यांतून ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचा नवा संगीतप्रकार जन्माला आला. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले, की हेच सूर मुंबईत पाच वर्षे आधी वाजले होते! सिंग २०१५ मध्ये वारले. पिकते तेथे विकत नाही, ते असे.

या दोन्ही उदाहरणांत निदान फीत होती, तबकडी होती. मामाच्या पिकअपची फीत कुठे आहे? कोणत्या गावात कोणी पहिला पिकअप बसवला, कोणी कोणाला शिकवले, याची वही कोणी ठेवली आहे? प्रयोग परदेशी यंत्रावर झाला की त्याला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. स्पीकरच्या चुंबकावर झाला की ‘जुगाड’ म्हणून हसतो. मला या ‘जुगाड’ शब्दाचा राग आहे. त्यात कौतुक कमी आणि पाठीवरची थाप जास्त असते.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, ते मी लपवत नाही. पहिला आवाजाचा. बेंजो आणि कर्णे म्हटले की रुग्ण, परीक्षार्थी आणि तान्ही मुले आठवतात, आणि ते योग्यच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ज्याला कळले तो बटण फिरवताना दोनदा विचार करील. गोंगाटावर खरा उपाय नुसती बंदी नव्हे. यंत्र समजणारा वाजवणारा हवा.

दुसरा आक्षेप असा की मोबाइलवर तानपुरा फुकट मिळतो, मग डबी कशाला? गाण्यापुरते म्हणाल तर मान्य. बंगळूरचे बासरीवादक अभियंते जी. राज नारायण यांच्यासारख्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, म्हणून आज घरोघरी रियाज सोपा झाला आहे. पण मोबाइल मला सूर देतो, सूर कसा होतो ते सांगत नाही. तो चिकटवून बंद केलेला असतो, उघडला तर मोडतो. जी वस्तू उघडता येत नाही तिचे आपण गिऱ्हाईकच राहतो.

तिसरा आक्षेप माझा मीच घेतलेला आहे. मामाचे कौतुक करता करता मी त्याच्या गरिबीचेच तर कौतुक करत नाही ना? त्याला चांगली तार विकत घेता आली असती तर त्याने रिले कशाला फोडला असता? हे खरे आहे. म्हणून मला टाकाऊपणाचे गोडवे गायचे नाहीत. त्याला चांगली हत्यारे मिळावीत, आणि त्याचे कसब लिहून ठेवले जावे, एवढेच मागायचे आहे.

म्हणून प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात एक टेबल, एक कपाट, दोन सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर एवढे सामान ठेवावे आणि ते सर्व शाखांना खुले असावे. इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या प्रकल्पांत आपापल्या गावच्या बेंजोवाल्यांच्या, वाइंडिंगवाल्यांच्या, भजनी मंडळांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात जपून ठेवाव्यात. आणि स्नेहसंमेलनात बेंजो नेहमी मिरवणुकीपुरता फाटकाबाहेर असतो, त्याला एकदा रंगमंचावर बसवून शांतपणे ऐकावे. यात खर्च फार नाही. कप्पे मोडायची तयारी मात्र लागेल.

पेटीचा भाता मध्यंतरी शिवून झाला आहे. तरीही म्होरक्या आजी एकादशीला माझी डबी मागवून घेतात. अभंग सुरू करण्यापूर्वी ती कानाजवळ धरून ऐकतात, आणि मान हलवली की मगच टाळ वाजतो. तोवर माझा जीव टांगणीला असतो. विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेला तो इतका लागत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर बंद पडलेला रेडिओ असेल, तर या सुटीत तो भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. मात्र आधी प्लग काढा!