एक तारीख, तीन वाढदिवस

वाढदिवस म्हटला की घरोघरी काय काय होते! सकाळी तेल-उटणे, देवाला नमस्कार, संध्याकाळी औक्षण, वाटीभर शिरा आणि हल्ली त्याच्या जोडीला केक. त्यातून घरात आजी असल्या तर एक वाक्य ठरलेलेच: “याच दिवशी अमक्याचाही जन्म, बरं का! बघा, किती हुशार निघाला!” जणू काही तारखेतच गुण भरून ठेवलेले असतात!

मी अर्धवेळ शाळेत शिकवते. हजेरीपट चाळला तर एकाच तारखेला जन्मलेली दोन मुले बहुतेक दर वर्षी सापडतात. मुलांना याचे भारी नवल वाटते. गणित मात्र म्हणते, यात नवल कसले? नुसती २३ माणसे जमली, तरी त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. ४० मुलांच्या वर्गात ती शंभरात ८९ होते. कारण आपण प्रत्येकाची तारीख बाकीच्या सगळ्यांशी ताडून पाहत असतो आणि २३ जणांच्या अशा २५३ जोड्या होतात. हळदीकुंकवाला तेवीस-चोवीस जणी जमल्या तर जरूर करून बघा, वेळ मजेत जाईल.

तेव्हा थोरामोठ्यांचे वाढदिवस जुळले तर त्यातही चमत्कार नाही. तरीपण ७ नोव्हेंबर ही तारीख मला विचारात पाडते. १८६७ साली या दिवशी वॉर्सा शहरात मारी क्यूरी जन्मल्या. १८७८ साली व्हिएन्नात लिझे माइटनर. आणि १८८८ साली आपल्याकडे तिरुचिरापल्लीला चंद्रशेखर वेंकट रामन. तिघेही पदार्थविज्ञानातले. तारीख एक, विषय एक. मग वाटही एकच होती का? बघू या.

मारीचे माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या अमलाखाली होता आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मग या दोघी बहिणींनी एक करार केला. थोरली ब्रोन्या पॅरिसला डॉक्टरी शिकायला गेली आणि धाकटी मारिया श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवू लागली. पुढे थोरलीने धाकटीला बोलावून घेतले. १८९१ साली मारिया पॅरिसला पोचली तेव्हा ती जवळजवळ २४ वर्षांची होती.

पिअर क्यूरींशी १८९५ साली लग्न झाले, १८९७ साली मुलगी झाली आणि १८९८ साली पोलोनियम व रेडियम या दोन मूलद्रव्यांचा शोध लागला. त्याच काळात बाईंनी गूजबेरीची जेलीही केली होती. आठ पौंड फळाला तेवढीच साखर घेतली आणि चौदा बरण्या भरल्या, अशी टीप त्यांनी पाकपुस्तकाच्या कडेला लिहून ठेवली आहे. शास्त्रज्ञ झाली म्हणून बाईचे स्वयंपाकघर थोडेच सुटते! पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. सासरे त्यांच्याकडे राहायला आले आणि नातीला त्यांनी सांभाळले. दोन नोबेल पारितोषिकांच्या गोष्टीत या सासऱ्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

माइटनरबाईंच्या तारखेची तर गंमतच आहे. व्हिएन्नाच्या जन्मनोंदीत १७ नोव्हेंबर लिहिले आहे, पण त्या वाढदिवस ७ तारखेलाच करीत. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ठोकून दिलेली कितीतरी मंडळी आहेत, तेव्हा आपल्याला हे समजायला जड नाही!

तिथे मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपे. विद्यापीठाचे दार १८९७ साली उघडले, तेव्हा लिझेने आठ वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत उरकून प्रवेश परीक्षा दिली. १९०६ साली डॉक्टरेट मिळवून पुढच्या वर्षी ती बर्लिनला गेली. तिथल्या रसायनसंस्थेत बायकांना मज्जाव होता. तडजोड म्हणून तळघरातली जुनी सुतारकामाची खोली मिळाली. तिचे दार वेगळे आणि वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचे नाही. इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते म्हणून जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. पगार तर नाहीच.

पुढे १९२६ साली त्या प्रोफेसर झाल्या. पण ज्यू कुळातल्या असल्यामुळे १९३८ साली हिटलरच्या राज्यातून त्यांना पर्समध्ये अवघे दहा मार्क घेऊन पळून जावे लागले. त्याच वर्षअखेर स्वीडनमध्ये, भाच्याबरोबर बर्फातून फिरताना, युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो कसा याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या शोधाचे नोबेल मात्र त्यांचे जुने सहकारी ऑटो हान यांना एकट्यालाच मिळाले. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७ साली ‘माइटनेरियम’ नाव दिले गेले, तेव्हा बाईंना जाऊन २९ वर्षे झाली होती.

आता रामन. त्यांचे कष्टही थोडे नव्हते. १९०७ साली लग्न झाले आणि कलकत्त्याला सरकारी हिशेबखात्यात नोकरी लागली. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर ते प्रयोगशाळेत जात. घर लोकसुंदरीबाईंनी पाहिले. २८ फेब्रुवारी १९२८ चा त्यांचा प्रकाशाचा शोध आणि १९३० चे नोबेल आपल्याला पाठ आहे. त्या दिवसाचाच आपण विज्ञानदिन करतो. पण पुरुष म्हणून कुठल्या दारावर त्यांना थांबवले नाही, हेही खरेच.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. १९३३ साली रामन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झालेल्या कमला भागवत यांनी तिथे अर्ज केला. या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. अर्ज परत आला, कारण मुलींना प्रवेश नाही! कमलाताई बंगलोरला जाऊन थडकल्या आणि दारातून हलेनात. अखेर रामन यांनी अटी घालून घेतले. पहिले वर्ष नुसती चाचणी, काम पटले तरच रीतसर प्रवेश. त्यांनी वर्षभर काम करून दाखवले, प्रवेश मिळवला आणि त्यांच्यामागून इतर मुलींनाही वाट मोकळी झाली. पुढे अ‍ॅना मणी तर खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या.

कमलाताईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी कडधान्ये, नीरा अशा आपल्या रोजच्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांवर संशोधन केले आणि ग्राहक चळवळीतही काम केले. तो जुना अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत.

मैत्रिणींनो, रामन लहान होते असे मला म्हणायचे नाही. एवढा मोठा माणूस, ज्याच्या वाढदिवशीच क्यूरीबाई जन्मल्या, त्याच्याही मनात ‘मुलगी इथे कशाला?’ हा प्रश्न आला! मग तुमच्या-आमच्या घरात तो किती सहज येत असेल! तो तोंडावर कोणी म्हणत नाही. “लांबचे कॉलेज नको”, “प्रयोगशाळेत उशीर होतो”, “आधी पाहुण्यांचा चहा बघ” असे म्हटले जाते. ब्रोन्याने बहिणीला बोलावून घेतले, सासऱ्यांनी नात सांभाळली, ही कामे काही विद्यापीठाची नव्हती. ती घरच्यांचीच होती.

तेव्हा लेकीच्या पुढच्या वाढदिवसाला, त्या तारखेला कोण कोण जन्मले ते जरूर शोधून सांगा, मुलांना आवडते. आणि औक्षण झाल्यावर एवढे विचारा, “तुला अभ्यासाला घरातली कोणती वेळ हवी?” ती सांगेल ती वेळ तिला द्या, आणि त्या वेळेत तिला चहा करायला उठवू नका.