मेणबत्तीचा जीव वातीत



घरबसल्या सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या करून विकणाऱ्या महिला आता गावोगावी दिसतात. रंग कोणता, सुगंध कोणता, ग्लास कसला, यावर खूप चर्चा होते. वातीचा विषय निघाला की मात्र एवढेच विचारले जाते, ‘जाड घ्यावी की बारीक?’ मेण उत्तम आणि वात चुकीची असेल, तर मेणबत्ती अर्ध्यातच विझते, नाहीतर काच तडकते. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात घर पेटू शकते.

मराठीत मेणबत्ती, उर्दूत मोमबत्ती. दोन्हींत अर्धे नाव बत्तीचेच आहे. अरबीतून उर्दूत आलेला ‘फतीला’ हा शब्द पीळ देणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे, आणि मराठीतही आपण वात ‘वळतो’. पण मेणबत्तीला नुसती वळलेली वात पुरत नाही. तेलाच्या दिव्यात वात काठाला टेकलेली असते. मेणबत्तीत ती मधोमध एकटी उभी असते. पूर्वी तिचे जळके टोक सारखे कापावे लागे. १८२५ मध्ये फ्रान्समधील कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळताना किंचित वाकते आणि तिचे टोक आपोआप जळून जाते. आजच्या बहुतेक सुती वाती याच जातीच्या आहेत. काही वातींत ताठपणासाठी धातूची तार असते. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली, कारण जळताना शिसे हवेत मिसळते. आपण तार नसलेली, सुती किंवा सूत-कागदाची वातच घ्यावी.

सोया मेण म्हणजे सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेला पदार्थ. वनस्पती तूपही असेच बनते. वितळल्यावर ते पॅराफिनपेक्षा दाट असते, वातीतून सावकाश वर चढते. म्हणून ज्या ग्लासाला पॅराफिनमध्ये एक वात पुरते, त्याच ग्लासाला सोया मेणात बहुधा तिच्यापेक्षा मोठी लागते. वात ठरते ती ग्लासाच्या आतल्या रुंदीवर. मेण किती ग्रॅम आहे यावर नाही.

विक्रेत्याकडे रुंदीनुसार वातींचा तक्ता असतो. तो फक्त सुरुवातीसाठी. त्यात सांगितलेली एक, तिच्याहून एक नंबर लहान आणि एक नंबर मोठी, अशा तीन वाती घ्या. एकाच मापाचे तीन ग्लास, तेच मेण, तोच सुगंध, तेवढाच रंग. ग्लासावर वातीचा नंबर चिकटवा. ओतल्यावर एक-दोन आठवडे तशाच राहू द्या. सोया मेण पक्के बसायला एवढा वेळ लागतो.

मग वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा, पंखा बंद करा आणि पेटवा. साधा हिशेब असा की, अडीच सेंटिमीटर रुंदीला एक तास. ग्लास आतून साडेसात सेंटिमीटर असेल, तर तीन तास. कोणतीही मेणबत्ती सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नये. विझवून पूर्ण थंड होऊ द्या, वात पुन्हा कापा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवा. असे तळाशी एक सेंटिमीटर मेण उरेपर्यंत करायचे आणि दर वेळी वहीत लिहायचे.

काय लिहायचे? मेण कडेपासून किती दूर राहिले, वितळलेल्या मेणाची खोली किती, ज्योत स्थिर आहे की नाचते, काजळी धरली का, टोकावर अळंबीसारखा काळा गोळा आला का, काच हात लावण्याइतकी आहे की चटका बसतो.

मधोमध खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहिले, किंवा ज्योत मेणात बुडू लागली, तर वात लहान आहे. काजळी, मोठी नाचरी ज्योत, एक सेंटिमीटरहून बरेच खोल मेण, तापलेली काच ही वात मोठी असल्याची लक्षणे आहेत. पण पहिल्याच दिवशी मेण कडेपर्यंत पोहोचले नाही म्हणून लगेच मोठ्या वातीकडे वळू नका. मेणबत्ती खाली उतरते तसा ग्लास उष्णता धरून ठेवतो आणि कडेचे मेणही वितळते. पहिल्या दिवशी अगदी बरोबर वाटणारी वात शेवटच्या दिवशी काच तापवते. दोन वातींत निवड अवघड झाली, तर लहान घ्या. दहा सेंटिमीटरहून रुंद भांड्यात एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

सुगंध बदलला, रंग बदलला, ग्लास बदलला की चाचणी नव्याने. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळते. जानेवारीत केलेली चाचणी मे महिन्याच्या उन्हाळ्यात एकदा पुन्हा करून पाहा.

आणखी एक सवय लावून घ्या. जाळण्यापूर्वी आणि थंड झाल्यावर मेणबत्तीचे वजन करा. समजा, तीन तासांत १५ ग्रॅम घटले, तर तासाला ५ ग्रॅम. मग १५० ग्रॅमची मेणबत्ती साधारण ३० तास चालेल. तळाचे मेण जाळायचे नाही, म्हणून लेबलवर त्याहून थोडे कमीच लिहा. दुसऱ्याच्या लेबलवर ‘५० तास’ दिसले म्हणून आपणही ते छापणे म्हणजे मापात खोट. आपल्या दीनने मापतोलाविषयी किती ताकीद दिली आहे, हे आपण जाणतोच.

झोपताना दिवे विझवावेत, उंदीर वात ओढून नेतो आणि घरातल्यांना आगीत लोटतो, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. ती सूचना लेबलवर साध्या मराठीत लिहा: झोपण्यापूर्वी विझवा, पडद्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवा, पंख्याखाली लावू नका. आपली मेणबत्ती कुणाच्या घरात, कुणाच्या लेकरांजवळ जळणार आहे, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून ती आधी आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत जाळून पाहायची.

पुढच्या अंकात सुगंधाचे प्रमाण पाहू, इन्शाअल्लाह. तोवर तीन ग्लास आणि एक वही काढून ठेवा.